मधुमेहाच्या शुश्रूषेत परिचारिकेचे स्थान

मधुमेह-चिकित्सेचा अर्वाचीन इतिहास बहुधा ११ जानेवारी १९२२ पासून सांगितला जातो. त्या दिवशी टोरांटो येथे लेनर्ड टॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास इन्सुलिन प्रथम टोचण्यात आले. परंतु रुग्णाच्या मनास आधार देण्याचे कार्य परिचारिकेकडे कसे आले, याचा शोध घ्यावयाचा तर त्याहून मागे जावे लागते.

इन्सुलिनपूर्व काळी अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन यांची अल्पाहार-चिकित्सा मान्यता पावली होती. तिने आयुष्य लांबे, पण भुकेच्या मोलाने. पुढे परराष्ट्रमंत्री झालेले चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची कन्या एलिझाबेथ हिला १९१९ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, हा रोग जडला. तिच्यासमवेत ब्लांश बर्जेस ही परिचारिका राहत असे. अन्न नाकारणारा हात तिचाच आणि धीर देणाराही तिचाच, अशी ही चमत्कारिक भूमिका होती. तिचे हे सोबतीचे कार्य आपणांस कळते ते मुख्यतः मुलीने आईला लिहिलेल्या पत्रांतून. वैद्यकीय नोंदींत ग्रॅमचे व उष्मांकांचे आकडे तेवढे उरतात. ऑगस्ट १९२२ मध्ये एलिझाबेथ टोरांटोस आली, तेव्हा तिचे वजन सुमारे ४५ पौंड होते.

इन्सुलिनने मरण टळले. मात्र जन्मभराचा नेम मागे लागला. बॉस्टनचे डॉ. इलियट जॉस्लिन यांनी हे नेमके ओळखले. त्यांनी परिचारिकांना रुग्णांच्या घरी धाडले. लघवीतील शर्करा तपासणे, मात्रा मोजणे, सुई उकळून घेणे या गोष्टी त्या स्वयंपाकघरात बसून शिकवीत. रखवालदाराची शिक्षिका झाली, असे म्हणावयास हरकत नाही. जॉस्लिन यांचा गौरव होतो तो योग्यच. पण त्या परिचारिकांपैकी कितीजणींची नावे ग्रंथांत सापडतात?

तथापि शिक्षणाने सर्व साधत नाही. एलिझाबेथ १९८१ पर्यंत जगली, परंतु आपला रोग तिने बहुतेकांपासून आयुष्यभर लपविला. ही भीती व हा संकोच सुईच्या धड्यात बसणारे नव्हते.

या संदर्भात अमेरिका व कॅनडा येथील १४४१ रुग्णांवरील दीर्घ चाचणीचे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष बोलके आहेत. कसोशीने शर्करा राखल्यास डोळे, मूत्रपिंडे व मज्जातंतू यांचे विकार लक्षणीय प्रमाणात टळतात, हे तीत सिद्ध झाले. त्याचे श्रेय प्रायः इन्सुलिनच्या पद्धतीस दिले जाते. त्या गटातील रुग्ण दरमहा केंद्रात येत असत आणि मधल्या काळात त्यांची दूरध्वनीवरून वारंवार विचारपूस होत असे. तिचा पुष्कळसा भार परिचारिकांनी वाहिला होता.