बाटली क्रमांक ५३-एन

मुंबईच्या एका रुग्णालयाच्या औषध विभागात मी केमोथेरपीची सलाइनं तयार करते. प्रत्येक पिशवीवर औषध कधी मिसळलं आणि ते कधीपर्यंत चालेल, या दोन्ही वेळा लिहाव्या लागतात. नव्या मुलांना हे कारकुनी काम वाटतं. त्यांना मी परळच्या एका बाटलीची हकीकत सांगते.

परळची प्लेग प्रयोगशाळा म्हणजे आजची हाफकिन संस्था. तिथे भरून बंद केलेली प्लेगच्या लशीची ५३-एन ही बाटली ४१ दिवसांनी, ३० ऑक्टोबर १९०२ रोजी, पंजाबातल्या मुल्कोवाल गावात उघडली गेली. त्या दिवशी १०७ जणांनी लस टोचून घेतली. या बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. इतर बाटल्यांमधून टोचलेल्यांपैकी कुणालाच धनुर्वात झाला नाही.

जंतू बाटलीत शिरले कधी? मुंबईचे मुख्य न्यायाधीश लॉरेन्स जेनकिन्स यांच्या चौकशी आयोगाने परळकडे बोट दाखवलं. प्रयोगशाळेचे प्रमुख हाफकिन यांनी उष्णतेवर भिस्त ठेवून लशीतलं कार्बोलिक अ‍ॅसिड वगळलं होतं. हा आक्षेप मला आजही वजनदार वाटतो, कारण चुकून शिरलेल्या जंतूला कार्बोलिक वाढू देत नाही. ते काढलं की सगळा भार बुचावर आणि माणसाच्या हातावर येतो. पण धनुर्वाताचे जंतू ४१ दिवस आत वाढत असते, तर बाटलीला घाण वास सुटला असता. उघडणाऱ्या डॉक्टरांना तसा वास आला नव्हता. शिवाय बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता, आणि तो ज्योतीवर न धरता नुसता कार्बोलिकच्या पाण्यात खळबळून पुन्हा वापरला गेला होता. शास्त्रज्ञ रोनाल्ड रॉस यांनी १९०७ साली लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये हाफकिन यांची बाजू मांडली आणि त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरले. तोवर त्यांची परळची जागा गेली होती. पुढे त्यांनी कलकत्त्यात काम केलं.

जंतू कधी शिरले हे नंतर सांगणं कठीण, म्हणून मुदत आधीच ठरवावी लागते. अमेरिकी औषधकोशाच्या २००८च्या नियमांत फ्रिजमधल्या इंजेक्शनची मुदत कमी जोखमीच्या तयारीला १४ दिवस आणि जास्त जोखमीच्या तयारीला अवघे ३ दिवस होती. औषध रासायनिकदृष्ट्या महिनाभर टिकणारं असलं, तरी निर्जंतुकतेची वेगळी चाचणी केलेली नसेल तर ही मर्यादा ओलांडता येत नसे.

तुमच्या माणसाला सलाइन लावताना पिशवीवर तयार केल्याची वेळ दिसली नाही, तर ती नर्सला जरूर विचारा.