फिट्झजेरल्ड घराण्याचा मूळपुरुष कोण?

डब्लिनमध्ये आयर्लंडची संसद ज्या लेन्स्टर हाउसमध्ये भरते, तो मुळात फिट्झजेरल्ड घराण्याचा अठराव्या शतकातला वाडा. मध्ययुगीन आयर्लंडमध्ये या घराण्याच्या तोडीचे जमीनदार मोजकेच होते. किल्डेअर शाखेला १३१६ मध्ये आणि नैर्ऋत्येकडच्या डेझमंड शाखेला १३२९ मध्ये अर्ल ही पदवी मिळाली. घराणे आयर्लंडमध्ये कधी आले हे नीट ठाऊक आहे. त्याआधी ते कुठले, यावर मात्र शतकानुशतके एक सुंदर पण निराधार कथा सांगितली गेली.

ही कथा फ्लॉरेन्सची. तिथल्या जुन्या गेरार्दिनी कुळाची एक फांदी नॉर्मंडी आणि इंग्लंडमार्गे आयर्लंडला पोचली, असे ती सांगते. मोनालिसा म्हणून जगाला माहीत असलेली लिसा याच गेरार्दिनी कुळातली. १४४० मध्ये फ्लॉरेन्सचा चॅन्सेलर लिओनार्दो ब्रूनी याने डेझमंडच्या अर्लला लिहिलेल्या पत्रात या नात्याचा उल्लेख केला. १५०७ मध्ये किल्डेअरच्या आठव्या अर्लने स्वतः गेरार्दिनींना पत्र धाडले. पूर्वजांच्या पराक्रमाची हकिकत कळवा अशी त्याची विनंती होती. बदल्यात ससाणे, घोडे आणि शिकारी कुत्रे पाठवायची त्याची तयारी होती. आयर्लंडचा कारभार मुठीत असलेला हा माणूस किती आपुलकीने आपले कूळ शोधत होता, हे त्या पत्रातून दिसते.

दोन्ही बाजूंचा विश्वास खरा होता, पण त्याचा पाया एवढाच की नावे कानाला सारखी वाटत. तीही एक नाहीत. गेरार्दिनी हे आडनाव गेरार्दो, म्हणजे जेरार्ड, या नावावरून आले. जेरार्ड आणि जेरल्ड ही दोन वेगळी जर्मानिक नावे आहेत. भाला या अर्थाचा शब्द दोन्हींच्या आरंभी आहे. पुढे एकात ‘बळकट’, तर दुसऱ्यात ‘सत्ता’ असा अर्थ येतो. ‘फिट्झ’ म्हणजे नुसते ‘चा मुलगा’. पहिल्या पिढ्यांत ते आडनाव नव्हतेच. बाप बदलला की फिट्झनंतरचे नाव बदले. त्यामुळे केवळ नावावरून मागचा माग काढणे फसवे ठरते.

कागदोपत्री भक्कम पुरावा वेगळीकडे नेतो. ज्याच्या नावाने घराणे ओळखले जाते तो जेरल्ड वेल्समधील पेंब्रोकचा किल्लेदार होता. त्याची बायको नेस्ट ही देह्यूबार्थचा राजा रीस याची मुलगी. त्यांचा मुलगा मॉरिस ११६९ मध्ये लेन्स्टरचा पदच्युत राजा डर्मट मॅकमरो याच्या मदतीला वेक्सफर्डला उतरला आणि आयर्लंडमध्ये जमिनी मिळवून बसला. जेरल्डचा बाप वॉल्टर हा विंडसरच्या किल्ल्याचा अधिकारी. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत त्याच्या जमिनी लिहिलेल्या आहेत. तिथे तो वॉल्टर फिट्झ ऑदर, म्हणजे ऑदरचा मुलगा. जुन्या वंशावळकारांनी या ऑदरचाच इटालियन ‘ओथो’ केला.

सर्वांत बोलका पुरावा मौनाचा आहे. जेरल्ड आणि नेस्ट यांचा नातू, वेल्सचा जेरल्ड, याने ११८९ च्या सुमारास आयर्लंडच्या विजयाचा इतिहास लिहिला. आपल्या नातलगांचे गुणगान करताना त्याने हात आखडता घेतलेला नाही, पण फ्लॉरेन्सचे नाव काढलेले नाही. तशी परंपरा घरात असती, तर या अभिमानी माणसाने ती गाळली नसती.

कथा रुजण्याजोगे वातावरण पुढे तयार झाले. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीच्या सावकारी पेढ्या इंग्लंडच्या राजासाठी आयर्लंडमध्ये लोकर आणि कातड्यांवरची जकात गोळा करत, त्यामुळे दोन्हीकडे ये-जा होती. पंधराव्या शतकात इटालियन विद्येला युरोपभर मान आला, तेव्हा फ्लॉरेन्सचे पूर्वज असणे ही प्रतिष्ठेची बाब झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी वंशावळींचे कठोर परीक्षक जे. होरेस राउंड यांनी या कथेचा पाया उखडला.

वंशाची निर्विवाद नोंद वॉल्टरपाशी सुरू होते. त्याच्या मागे ऑदर हे एक नाव तेवढे आहे.