गरिबांच्या दारी कलादालन

लंडनच्या पूर्व भागाला, म्हणजे ईस्ट एंडला, एकोणिसाव्या शतकात दारिद्र्याचे आगर मानले जाई. गोदीतील रोजंदारीचे मजूर, शिवणकामावर गुजराण करणारी कुटुंबे आणि छळाला कंटाळून रशिया-पोलंडमधून आलेले ज्यू यांची तेथे दाटी होती. अशा वस्तीत उभ्या राहिलेल्या व्हाइटचॅपल कलादालनाचा इतिहास आम्हांला मननीय वाटतो.

१८७३ साली सॅम्युअल बार्नेट हे अँग्लिकन धर्मगुरू पत्नी हेन्रिएटासह तेथील सेंट ज्यूड चर्चमध्ये आले. उपाशी माणसाला अन्न हवे, हे ते जाणून होते. परंतु अन्नापुरतीच त्याची भूक असते, हे त्यांना मान्य नव्हते. १८८१ पासून ईस्टरच्या सुमारास ते चर्चच्या शाळेतील खोल्यांत चित्रप्रदर्शन भरवू लागले. जी. एफ. वॉट्ससारख्या नामवंतांची चित्रे तेथे मांडली जात आणि सोप्या भाषेत त्यांचा अर्थ सांगणारी पुस्तिका मिळे. मजुराला सवड रविवारची, म्हणून रविवारीही दारे उघडी ठेवली जात. पवित्र दिवसाचा भंग होतो, असा कर्मठांनी आक्षेप घेतला. पण बार्नेट बधले नाहीत.

याच खटपटीतून १९०१ साली कायमची इमारत उभी राहिली. वास्तुविशारद चार्ल्स हॅरिसन टाउनसेंड यांनी तिला रुंद कमानीचे, थेट हमरस्त्यावर उघडणारे प्रवेशद्वार दिले. पहिल्याच प्रदर्शनाला दोन लाखांहून अधिक लोक आले.

उत्तम चित्रे पाहून गरिबांचे शील सुधारेल, अशी बार्नेट यांची धारणा होती. या धारणेत उपकाराची छटा आहे, हे नाकारता येत नाही. देणारा वर आणि घेणारा खाली, असे नाते त्यात गृहीत होते. ते बदलले वस्तीतल्याच मुलांनी. शेजारच्या सार्वजनिक ग्रंथालयात वाचन करीत वाढलेला कवी-चित्रकार आयझॅक रोझेनबर्ग आणि डेव्हिड बॉम्बर्ग हे गरीब ज्यू घरांतले तरुण. १९१४ च्या आधुनिक कलेच्या प्रदर्शनात ज्यू कलावंतांचा स्वतंत्र विभाग बॉम्बर्गने मांडला. त्यात रोझेनबर्गचीही चित्रे होती. कालचे प्रेक्षक आज कलावंत म्हणून त्याच भिंतींवर आले! रोझेनबर्ग पुढे १९१८ साली महायुद्धात मारला गेला.

१९३९ च्या जानेवारीत पिकासोचे ‘गेर्निका’ हे चित्र येथे लागले. बाँबहल्ल्याने उद्ध्वस्त झालेल्या स्पॅनिश गावाचा आक्रोश त्यात होता. स्पेनमधील लढवय्यांसाठी प्रेक्षकांकडून बूट मागण्यात आले, आणि ईस्ट एंडच्या कष्टकऱ्यांनी ते चित्राखाली आणून ठेवले. ज्यांना मदतीचे पात्र समजले गेले होते, तेच येथे दाते झाले.

पुढे ज्यू कुटुंबे पांगली, बांगलादेशी कुटुंबे आली. १९८८ साली दालनात बांगलादेशची मलमल आणि कांथा यांचे प्रदर्शन भरले. २०१० साली भारत, पाकिस्तान व बांगलादेश यांच्या दीडशे वर्षांच्या छायाचित्रणाचे. मधल्या काळात, २००९ साली, शेजारच्या जुन्या ग्रंथालयाची इमारतही दालनात सामील झाली.

गरिबाला सौंदर्य दाखवावे, हा बार्नेट यांचा विचार मोठाच होता. परंतु त्या गरिबाच्या हातूनही सौंदर्य निर्माण होते, हे या दालनाने त्यांच्या विचारापुढे जाऊन सिद्ध केले. आणि त्याचा आरंभ, प्रिय वाचकहो, चर्चच्या शाळेतील साध्या खोल्यांतून झाला होता.