पुसलेले दोन शब्द

इ.स. 628. मक्केजवळ हुदैबिया येथे कुरैशांतर्फे तहाची बोलणी करायला सुहैल बिन अम्र आला. फर्डा वक्ता, पण शब्दाशब्दाला अडणारा. मसुद्यात 'अल्लाहचे प्रेषित' हे शब्द येताच तो अडला: हे मान्य असते तर भांडण कशाचे? वडिलांचे नाव लिहा! हजरत अली (रजि.) यांचा हात ते शब्द पुसायला धजेना. पैगंबरांनी (स.) ते स्वतः पुसले आणि 'अब्दुल्लाहचे पुत्र मुहम्मद' असे लिहवून घेतले. सहकारी अस्वस्थ झाले. हजरत उमर (रजि.) यांनी तर उघड नाराजी दाखवली. पण पैगंबरांची नजर 10 वर्षांच्या युद्धबंदीवर होती.

बद्रच्या लढाईत हाच सुहैल कैद झाला, तेव्हा त्याचे दात पाडायची परवानगी उमर (रजि.) यांनी मागितली होती. ती मिळाली नाही, असे सीरत ग्रंथ सांगतात. 630 मध्ये मक्का जिंकल्यावर सुहैल (रजि.) मुसलमान झाले. 632 मध्ये पैगंबरांच्या निधनानंतर मक्केतले लोक डगमगू लागले, तेव्हा त्यांना सावरणारे भाषण त्यांनीच केले.

अडून बसणारा माणूस कचेरीत भेटतो, घरातही भेटतो. त्याच्यापुढे काय सोडायचे आणि काय राखायचे, हे आधी आपल्याला ठाऊक हवे.