आत्मरती : एका शब्दाचा प्रवास

पिरंगुटच्या एका शाळेत शिक्षकांशी गप्पा मारताना आठवीतल्या एका मुलाचा विषय निघाला. सतत पुढे पुढे करणारा, दुसऱ्याचे कौतुक झाले की रुसून बसणारा. एक बाई म्हणाल्या, "तो नार्सिसिस्ट आहे. मी मोबाइलवर लक्षणे ताडून पाहिली." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, थकवा होता. मी मनोविकारतज्ज्ञ नाही. पण वर्गीकरण हे आम्हा संशोधकांचे रोजचे काम. म्हणून प्रश्न पडला, हे नाव आले कोठून आणि ते दिल्याने नेमके काय साधते?

नाव पुराणकथेतले आहे. रोमन कवी ओव्हिडने सुमारे 2000 वर्षांपूर्वी सांगितलेल्या कथेत नार्सिसस हा देखणा तरुण पाण्यातील स्वतःच्या प्रतिबिंबावर भाळतो आणि तेथेच झुरून मरतो. कथेतील दुसरे पात्र मात्र आपण विसरतो. ते म्हणजे इको. तिला स्वतःहून बोलता येत नाही. दुसऱ्याचे शेवटचे शब्द तेवढे ती पुन्हा उच्चारते. हा विकार असलेल्या व्यक्तीच्या घरातील माणसांची अवस्था पुष्कळदा इकोसारखी होते.

1898 मध्ये हॅवलॉक एलिस याने आणि 1899 मध्ये पॉल नेके याने ही कथा वैद्यकात आणली. 1914 मध्ये सिग्मंड फ्रॉइडने तिच्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. थोडे आत्मप्रेम हा प्रत्येक मुलाच्या वाढीचा भाग आहे, असे त्याने सांगितले. परंतु ज्यांचे मन बाहेरच्या जगातून पूर्णपणे आत वळले आहे, त्यांचे उपचारकाशी नातेच जुळत नाही. त्यामुळे मनोविश्लेषणाचा त्यांना उपयोग होत नाही, असेही त्याचे मत होते.

हे मत बदलण्यात दोघांचा मोठा वाटा आहे. दोघेही व्हिएन्नात जन्मलेले आणि नाझींच्या भयाने 1939 मध्ये देश सोडलेले. हाइन्झ कोहुट यांचा ग्रंथ 1971 साली आला, ऑटो कर्नबर्ग यांचा 1975 साली. कर्नबर्ग म्हणाले, मोठेपणाच्या आवरणाखाली मत्सर आणि राग दडलेला असतो. तो रुग्णाला स्पष्टपणे दाखवला पाहिजे. कोहुट म्हणाले, लहानपणी समजून घेणारे माणूस न मिळाल्याने 'स्व' अपुरा राहिलेला असतो. म्हणून उपचारकाने आधी समजून घेतले पाहिजे. वाद तीव्र होता, पण उपचार शक्य आहे यावर दोघांचे एकमत होते. या विकारातला 'मी' बहुधा भक्कम नसतो, ठिसूळ असतो. त्याला सतत दुसऱ्याच्या स्तुतीचा टेकू लागतो.

1980 मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या यादीत या व्यक्तिमत्त्व विकाराला स्वतंत्र जागा मिळाली. संघटनेच्या 2013 च्या आवृत्तीत 9 लक्षणे आहेत. त्यांपैकी किमान 5 असावी लागतात आणि त्यांमुळे जगण्यात खरी अडचण किंवा त्रास व्हावा लागतो. उलट, जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या वर्गीकरणात हा प्रकार स्वतंत्रपणे नाहीच. तेथे व्यक्तिमत्त्व विकार किती तीव्र आहे हे पाहतात. म्हणजे रक्तातील साखर मोजावी तसे हे निदान नाही. तज्ज्ञांमध्येही त्याच्या सीमारेषेवर मतभेद आहेत.

लक्षणांची यादी आपल्याला नवी नाही. समर्थ रामदासांनी 'दासबोधा'च्या दुसऱ्या दशकात मूर्खाची आणि शेवटच्या समासात पढतमूर्खाची लक्षणे मोजून सांगितली. आत्मस्तुती करणारा त्या यादीत आहे. रामदासांची यादी हे अर्थातच रोगनिदान नव्हे. पण ती दिली आहे ती ऐकणाऱ्याने आपल्यातली लक्षणे ओळखून टाकून द्यावीत म्हणून. मोबाइलवरची यादी आपण नेमकी उलट वापरतो. शेजाऱ्याला, सुनेला, साहेबाला लावून पाहतो.

याचा तोटा उपचाराला होतो. असा रुग्ण सहसा आपण होऊन येत नाही. नोकरी गेली, संसार मोडला, नैराश्य आले की येतो. तो उपचारकाला आधी डोक्यावर घेतो आणि पहिल्याच टीकेनंतर तुच्छ ठरवून निघून जातो. या विकारावर खास असे औषध नाही. दीर्घकाळ चालणारी संवादोपचाराची वाट आहे. जे नाव शिवीसारखे वापरले जाते, ते घेऊन दवाखान्याची पायरी कोण चढेल? मात्र दुसरी बाजूही तितकीच खरी. विकार समजून घेणे म्हणजे घरच्यांनी अपमान किंवा मारहाण सोसणे नव्हे. इकोलाही स्वतःचा आवाज हवा आणि गरज पडल्यास तिच्यासाठीही मदत हवी.

मुलांच्या बाबतीत तर दुप्पट सावधगिरी हवी, कारण त्यांचे व्यक्तिमत्त्व अजून घडत असते. नेदरलँड्समध्ये 7 ते 11 वर्षांच्या 565 मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास झाला. तो 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. 'आमचे मूल इतरांपेक्षा वरचे' असे मानणाऱ्या पालकांच्या मुलांमध्ये पुढे आत्मरतीची वृत्ती अधिक दिसली. आईवडिलांची माया मिळालेल्या मुलांमध्ये मात्र निकोप आत्मसन्मान अधिक दिसला. माया आणि वरचढपणाचे कौतुक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिक्षकांनीही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. "तू वर्गात सर्वांत हुशार" आणि "हे गणित तू तीन वेळा खोडून सोडवलेस" या दोन वाक्यांत मोठे अंतर आहे.

त्या बाईंना मी एवढेच सुचवले की नाव बाजूला ठेवा आणि मुलगा केव्हा, कशानंतर रुसतो, ते वहीत टिपा. महिन्याभराने त्यांनी वही दाखवली. बहुतेक नोंदी चाचणीचे पेपर परत मिळाल्याच्या दिवसांच्या होत्या. कमी गुण घेऊन घरी जाण्याची त्याला भीती वाटत असावी, असे आता त्यांना वाटत होते. ते खरे की खोटे, हे त्या पालकांशी बोलूनच ठरवणार होत्या.