देवगिरीचा सुलतान आणि हिमालयाची वाट

छत्रपती संभाजीनगरापासून सुमारे १५ किलोमीटरांवर देवगिरीचा किल्ला उभा आहे. त्याचा तासलेला कडा आणि अंधारी भुयारवाट ज्याने एकवार पाहिली, त्यास मुहम्मद तुघलकाने १३२७ साली येथे राजधानी का आणिली, हे निराळे सांगावयास नको. या डोंगराने त्यास आसरा दिला. परंतु त्याचे सैन्य गिळिले ते दूर उत्तरेकडील दुसऱ्याच डोंगराने.

ती कराचिलची मोहीम होय. तिच्या सालाविषयी एकमत नाही. १३२९ ते १३३७ या काळात ती केव्हातरी झाली. ती चीनवरील स्वारी होती असे फिरिश्त्याने पुढे लिहिले, पण तो समज टिकण्याजोगा नाही. कराचिल म्हणजे कुमाऊं-गढवालकडील पहाडी मुलूख, असे पुष्कळ अभ्यासक मानितात.

इब्न बतूता सांगतो की, एक लाख घोडेस्वार निघाले आणि आरंभी त्यांस यशही आले. मग पावसाळा लागला. छावणीत रोगाची साथ आली, घोडी मेली, धनुष्ये सैल पडली. पर्जन्यकाळ संपेतो पायथ्याशी उतरून राहण्याची परवानगी सरदारांनी मागितली, ती मिळालीही. परंतु उतरण्याची वाट अरुंद घळींतून होती, आणि पहाडी लोकांनी मोठमोठी झाडे तोडून वरून लोटून दिली. बर्नीच्या मते दहाच स्वार दिल्लीस परतले. इब्न बतूता तीनच सरदार वाचल्याचे सांगतो. आकडे जुळत नाहीत, पण संहाराविषयी दोघांचेही दुमत नाही.

येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. हाच इब्न बतूता १३३३ साली हिंदुकुश ओलांडून हिंदुस्थानात आला होता. ऊन्ह पक्के पडेपर्यंत तो पायथ्याशी थांबला. नंतर रात्रीच्या अखेरीस निघून सूर्यास्तापर्यंत त्याने घाट चढून उतरला. उंटांचे पाय बर्फात रुतू नयेत म्हणून त्यांच्यापुढे नमदे अंथरीत जावे लागले. हिमपर्वतांवर वसंतात रात्रीच्या थंडीने बर्फ घट्ट होते आणि दिवसा उन्हाने आतून ओले होऊन सुटते. उतारावरील हिमराशी कोसळण्याचे भय तेव्हा फार. म्हणून आजचे गिर्यारोहकही पहाटेपूर्वीच निघतात. व्यापारी काफिल्यांस ठाऊक असलेली ही रीत होती. तिला लाखाच्या फौजेची गरज नव्हती. सुलतानाच्या सैन्यास मात्र विजयानंतर डोंगरातच राहण्याचा हुकूम होता आणि ते पावसाळा सुरू होईतो तेथेच राहिले.

पुढे सुमारे १३४२ मध्ये चीनकडे वकील म्हणून जाताना इब्न बतूता दौलताबादेस आला. किल्ल्यातील तळघरांत मांजरांहून मोठे उंदीर आहेत, ही स्वतः पाहिलेली गोष्टही त्याने मोठ्या नवलाने टिपून ठेविली आहे.