गेमिंग संगणकाची जुळवणी

गेमिंग संगणकाची जुळवणी म्हणजे संगणकीय खेळांसाठी लागणारे सुटे भाग स्वतंत्रपणे निवडून व परस्परांशी जोडून संगणक तयार करणे होय. या पद्धतीत खर्चाची विभागणी खरेदीदाराच्या हाती राहते. मात्र सर्व भाग एकमेकांशी जुळतील, याची जबाबदारीही त्याच्यावरच येते. या जुळणीस सुसंगतता असे म्हणतात. भाग जागेवर बसणे ही सुसंगततेची पहिली पायरी, तर बसलेला भाग पूर्ण क्षमतेने चालणे ही दुसरी पायरी होय.

== पार्श्वभूमी ==
आयबीएम कंपनीने १९८१ मध्ये आणलेल्या वैयक्तिक संगणकाची रचना खुली असल्याने इतर उत्पादकांनाही त्यास जुळणारे भाग बनवता आले. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हे मानक प्रसिद्ध केले. त्यामुळे मदरबोर्ड, कॅबिनेट व एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा भाग) यांची मापे आणि जोडण्या ठरून गेल्या. महाराष्ट्रात मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता (डॉ. भडकमकर मार्ग) सुट्या भागांच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे.

== खर्चाची विभागणी ==
कोणते खेळ खेळायचे व मॉनिटर किती क्षमतेचा असेल, हे प्रथम ठरवले जाते. खेळातील दृश्यांचा भार मुख्यतः ग्राफिक्स कार्डावर पडत असल्याने अंदाजपत्रकातील सर्वांत मोठा वाटा सामान्यतः त्यास दिला जातो. रंगीत दिवे, काचेचे कॅबिनेट किंवा अतिमहाग मदरबोर्ड यांमुळे खेळाचा वेग वाढत नाही. एसएमपीएसवरील काटकसर मात्र धोक्याची असते. निकृष्ट एसएमपीएस बिघडल्यास इतर भागही निकामी होऊ शकतात.

== भागांची सुसंगतता ==

=== प्रोसेसर व मदरबोर्ड ===
प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. एएमडीचे एएम४ (२०१६) व एएम५ (२०२२), तसेच इंटेलचे एलजीए १७०० (२०२१) व एलजीए १८५१ (२०२४) हे सॉकेट परस्परांत बदलता येत नाहीत. सॉकेट जुळला तरी मदरबोर्डातील बायोस ही मूलभूत आज्ञावली जुनी असल्यास नवा प्रोसेसर ओळखला जात नाही. उदाहरणार्थ, २०१८ मधील बी४५० मदरबोर्डावर रायझेन ५००० मालिकेतील प्रोसेसर चालवण्यासाठी बायोस अद्ययावत करावे लागते. म्हणून उत्पादकाच्या संकेतस्थळावरील सुसंगत प्रोसेसरांची यादी पाहणे आवश्यक ठरते.

इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाअखेर 'एफ' हे अक्षर असते, त्यांत अंगभूत ग्राफिक्स नसते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाविना अशा संगणकाच्या पडद्यावर काहीही दिसत नाही.

=== रॅम ===
डेस्कटॉप संगणकाच्या डीडीआर४ व डीडीआर५ या दोन्ही रॅमपट्ट्यांना २८८ पिना असतात, परंतु त्यांची खाच वेगळ्या जागी असल्याने एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. एएम४ वर डीडीआर४, तर एएम५ वर केवळ डीडीआर५ चालते. एलजीए १७०० साठी दोन्ही प्रकारचे मदरबोर्ड मिळतात. १६ जीबीची एकच पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन पट्ट्या योग्य खोबणींत बसवल्यास रॅम दुहेरी मार्गाने चालते व प्रोसेसरला माहिती अधिक वेगाने मिळते.

=== ग्राफिक्स कार्ड ===
पीसीआय एक्सप्रेस खोबणीत जुन्या-नव्या पिढ्यांची कार्डे एकमेकांशी जुळतात. मात्र काही स्वस्त कार्डांत माहितीचे मार्ग कमी असतात. २०२२ मध्ये आलेल्या आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डास चारच मार्ग असल्याने तिसऱ्या पिढीच्या खोबणीत त्याचा वेग घटतो. कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये मावते की नाही, हेही मोजून पाहावे लागते.

=== साठवण ===
एम.२ खोबणीत बसणाऱ्या एसएसडी साटा व एनव्हीएमई अशा दोन प्रकारच्या असतात. प्रत्येक खोबण दोन्ही प्रकार स्वीकारतेच असे नाही.

=== एसएमपीएस व कॅबिनेट ===
पीसीआय एक्सप्रेस खोबणीतून कार्डास ७५ वॅटपर्यंत वीज मिळते. सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५, तर आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॅट मिळू शकते. आवश्यक जोडण्या एसएमपीएसला असणे गरजेचे असते. मदरबोर्डांची प्रचलित मापे एटीएक्स (३०५ × २४४ मिमी), मायक्रो-एटीएक्स (२४४ × २४४ मिमी) व मिनी-आयटीएक्स (१७० × १७० मिमी) अशी आहेत. मोठ्या कॅबिनेटमध्ये लहान मदरबोर्ड सहसा बसतो. उलट शक्य नसते.

== नमुना जुळणी ==
रायझेन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४-३२०० पट्ट्या, एनव्हीएमई एसएसडी व आरएक्स ६६०० कार्ड हे भाग परस्परांशी सुसंगत आहेत. या प्रोसेसरचे निर्धारित वीजमान ६५ वॅट व कार्डाचे १३२ वॅट आहे. उर्वरित भागांसाठी सुमारे ५० वॅट धरल्यास बेरीज २५० वॅटच्या आसपास जाते. म्हणून ४५० ते ५५० वॅटचा दर्जेदार एसएमपीएस पुरेसा ठरतो. या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसल्याने मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डासच जोडावी लागते.

== तालुक्याच्या ठिकाणची खरेदी ==
अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जतसारख्या तालुक्याच्या गावी सर्व भाग एकाच दुकानात मिळणे कठीण असल्याने ते मोठ्या शहरातून किंवा ऑनलाइन मागवले जातात. चुकीचा भाग परत पाठवण्यात वेळ व पैसा खर्च होतो. त्यामुळे मागणी नोंदवण्यापूर्वीच संपूर्ण यादी पडताळणे येथे अधिक महत्त्वाचे असते. रायगड जिल्ह्यातही कर्जत नावाचे तालुक्याचे गाव असल्याने पत्त्यात जिल्हा व पिनकोड अचूक लिहिणे हितावह ठरते.

विजेचा दाब कमी-जास्त होणाऱ्या किंवा वीज वारंवार जाणाऱ्या भागात योग्य अर्थिंग व यूपीएस यांचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरला जातो. सामान्यतः मिळणारा ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस सुमारे ३६० वॅटचा भार पेलतो. त्यावर खेळ सुरू ठेवणे अभिप्रेत नसून, खेळ जतन करून संगणक नीट बंद करण्याइतका अवधी मिळावा, हा त्याचा उपयोग होय. उन्हाळ्याच्या दृष्टीने हवा खेळती ठेवणारे व धूळरोधक जाळी असलेले कॅबिनेट उपयुक्त ठरते.

== वापरलेले भाग व हमी ==
वापरलेले भाग घेतल्यास खर्च कमी होतो. परंतु शिल्लक हमी व मूळ बिल तपासावे लागते. विंडोज ११ प्रणालीसाठी टीपीएम २.० आवश्यक असून पहिल्या पिढीतील रायझेन प्रोसेसर तिच्या अधिकृत यादीत नाहीत. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने, स्वस्त मिळणारा जुना प्रोसेसर पुढे गैरसोयीचा ठरू शकतो. सदोष नव्या वस्तूबाबत ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. त्यासाठी जीएसटी बिल जपून ठेवणे महत्त्वाचे असते.